तळघरबाईंचा धाकटा ट्यूबा

आमच्या वहिनींना बँडमध्ये सगळे तळघरबाई म्हणतात. त्यात चिडवणं आहे, पण मानही आहे. वरच्या मजल्यावरची मजा क्लॅरिनेटवाले आणि ट्रंपेटवाले करतात. ते खिडक्या उघडतात, गच्चीवर जाऊन मिरवतात. हे सगळं ज्याच्यावर उभं असतं, तो खालचा जाड सूर वहिनींचा. तळघराकडे कोणी बघत नाही, पण ते खचलं की गच्चीवरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. वहिनी ट्यूबा वाजवतात.

मी त्याच बँडमध्ये मोठा ड्रम बडवतो. इतरांच्या बाबतीत ‘वाजवतो’ म्हणतात आणि माझ्या बाबतीत ‘बडवतो’, हे मी इतकी वर्षं ऐकून घेतलं आहे. दिवसा मी पाण्याचा टँकर चालवतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी तळमजल्यावर आणि ते दोघं अगदी वर. त्यामुळे त्यांच्या घरात भांडी पडली तरी मला कळतं आणि माझ्या घरात मी ओरडलो तर त्यांना.

ट्यूबा ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. पितळेचं ते एक अवाढव्य धूड असतं. मांडीवर घेतलं की वाजवणारा दिसेनासा होतो, आणि वर कर्ण्याचं तोंड एवढं मोठं की आत मांजर निवांत झोपेल. वहिनी उंचीने बेताच्याच. त्या वाजवत चालायला लागल्या की ट्यूबालाच पाय फुटलेत असं वाटायचं. रस्त्यावरची पोरं हसायची. वहिनी वाजवता वाजवता त्यांच्याकडे कर्णा वळवून असा एक सूर सोडायच्या की पोरं आईच्या मागे पळायची.

त्या बँडमध्ये आल्या त्या चुकून. लग्न होऊन आल्या त्या वर्षी एकदा मी ड्रमची काठी घरी विसरलो, आणि ती द्यायला त्या तालमीच्या खोलीवर आल्या. नेमका त्याच दिवशी आमचा तेव्हाचा ट्यूबावाला, एक बेकरीवाला, बँडमास्तरांशी कडाकडा भांडून, ट्यूबा खुर्चीत टाकून निघून गेला होता. बसायला दुसरी खुर्ची नव्हती. वहिनींनी ट्यूबा उचलला, स्वतः बसल्या, तो मांडीवर घेतला, आणि तोंडापाशी आलंच आहे तर बघू म्हणून एक जोरदार फुंकर मारली. खिडकीच्या काचा थरथरल्या. मास्तर पाठमोरे होते. ते न वळताच म्हणाले, “आलास का परत, मुकाट्यानं?” आणि वळून पाहतात तर बेकरीवाल्याच्या जागी आमची नवी नवरी. दादा काचा बसवायचं काम करतो. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “वाजवू दे की तिला. आपल्याला काम मिळत राहील.”

तेव्हापासून तो ट्यूबा त्यांचाच. शिकल्याही कशा, तर लाँड्रीत. वहिनी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला आहेत. यंत्रातून ओल्या चादरींचे पिळे ओढून काढायचे, झटकायचे, मग दोघींनी दोन टोकं धरून घड्या घालायच्या. त्या घड्यांच्या तालावर त्या मनातल्या मनात आपले सूर घोकायच्या. एकदा मास्तरांनी शाबासकी दिली तर म्हणाल्या, “त्यात काय मास्तर. तिकडे लोकांच्या चादरी सरळ करते, इकडे तुमची पावलं.”

ओल्या चादरी आणि पितळेचं धूड, असं दोन्हीकडचं ओझं एकाच खांद्यावर किती वर्षं पडलं देव जाणे. वहिनींनी दुखणं अंगावर काढलं. आमच्या घराण्यात हा गुण नाही. मला शिंक आली तरी मी तीन घरांना सांगतो. त्यांनी मात्र दादालाही पत्ता लागू दिला नाही. कळलं ते एका सकाळी. त्या आरशासमोर नुसत्याच उभ्या होत्या, हातात फणी, आणि उजवा हात काही केल्या खांद्याच्या वर जाईना. दादाने विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, “काही नाही. आज तसंच जाईन म्हणते, मोकळे केस.” लाँड्रीत मोकळे केस चालत नाहीत हे दादाला माहीत होतं.

डॉक्टरने मानेचे फोटो काढले आणि सांगितलं की मानेतली नस दबली आहे. उजव्या हाताची दोन बोटं आधीच बधिर झाली होती, त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं एवढंच. “ओझं बंद,” डॉक्टर म्हणाला. “लाँड्रीत नुसत्या घड्या घालायचं हलकं काम मागून घ्या. आणि ते वाद्य बंद. नाहीतर हात कायमचा जाईल, आणि गेलेला हात मला आणून देता येणार नाही.” दादा हे मला सांगताना जिन्यावर बसला होता, आणि बोलता बोलता सारखा स्वतःचाच उजवा हात चोळत होता.

लाँड्रीतल्या कामाचं जमलं. ट्यूबाचं घोडं पेंड खात होतं. दादा समजावून थकला. आधी गोडीने, मग रागाने, मग एक दिवस जेवायचाच थांबला. वहिनींनी त्याच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं आणि तालमीला निघाल्या. दादा रोज त्यांची वेणी घालायचा. काच इतकी सरळ कापणारा माणूस, पण वेणी वाकडीच यायची. त्या वाकड्या वेणीवर लाँड्रीतल्या बायका हसायच्या, वहिनीही हसायच्या, आणि संध्याकाळी पुन्हा ते धूड खांद्याला लावायच्या. “सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही,” असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. त्या म्हणाल्या, “भावोजी, तुमचा ड्रम काढून घेतला तर काय कराल?” मी म्हणालो, “झोप काढेन.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच तुम्हाला ड्रम दिलाय.”

मार्ग मास्तरांनी काढला. ते कुठल्याशा वाद्यांच्या दुकानात गेले आणि छोटा ट्यूबा घेऊन आले. विकत नाही, वाजवून बघायला. त्याच्या नळ्या जास्त वेटोळी घालून आवळून बसवलेल्या, कर्णा अर्धा आणि वजन निम्म्याहूनही कमी. सूर मात्र तेच, मोठ्याचे. मास्तरांनी तो वहिनींच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “चांगला आठवडाभर वापरा. उचलून बघा, चालून बघा, फुंकून बघा. मग सांगा. तुम्ही बरा म्हणालात तर बँड हा घेईल, आणि मोठा कपाटात जाईल.”

हे म्हणताना मास्तर त्यांच्याकडे बघत नव्हते. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की हा ट्यूबा चांगला निघाला तर वहिनी बँडमध्ये राहतील, हातही राहील. नाही निघाला तर दोन्हीतलं एक जाईल.

बँडने लगेच दोघांचं बारसं केलं. मोठा तो थोरला आणि हा धाकटा. वहिनी धाकट्याला घरी घेऊन गेल्या आणि त्याची अशी परीक्षा घेतली की मुलगी बघायला आलेली सासूही घेणार नाही. त्याला पाठीवर लावून जिना चढल्या आणि उतरल्या. बसमध्ये बसल्या. थोरल्याला वेगळी सीट लागायची, हा मांडीवर मावला. जाड कोट घालून पट्टा बसतो का पाहिलं. खुर्चीत, स्टुलावर, उभ्याने, चालताना माउथपीस ओठाशी बरोबर येतो का पाहिलं. थोरल्याच्या वेळी त्यांना मान वर ताणावी लागायची, आणि तिथेच तर ती नस दबत होती. ह्याच्यासाठी मान सरळ राहत होती. बधिर बोटांनीही व्हॉल्व चटकन दाबले जात होते. श्वास कमी लागत होता. थोरल्याला आधी भरायचा आणि मग तो बोलायचा. हा ओठ लावताच बोलायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर गेलो तर दादा खिडकीशी बसून ऐकत होता आणि वहिनी वाजवत होत्या. दादाचा चेहरा मी कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता. “मूर्ती लहान पण कीर्ती महान,” तो म्हणाला. वहिनींनी माउथपीस काढून पुसला आणि म्हणाल्या, “मूर्ती बघितली. कीर्ती अजून बघायची आहे.” पण त्याही खूश होत्या. मला खायला काय काय दिलं, आणि मी दोनदा नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा वाढलं, यावरून मला कळलं.

तालमीच्या खोलीतही बहार झाली. आमची खोली म्हणजे अग्निशमन केंद्राच्या मागची, पूर्वी जिथे पाण्याच्या नळ्या ठेवत ती ठेंगणी खोली. तिथे चमचा पडला तरी घंटा वाजल्यासारखी वाटते. धाकट्याचा सूर तिथे भरून राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी तर काठी खाली ठेवून वाजवल्या. मी म्हणालो, “झालं तर मग, थोरल्याला निरोप द्या.”

वहिनी म्हणाल्या, “भावोजी, आपण मिरवणूक खोलीत काढतो का?”

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. आमचा बँड चौघांची एक रांग करून चालतो. पुढे क्लॅरिनेट, मग ट्रंपेट आणि बाकीचे, सर्वांत मागे ट्यूबा आणि मी. आमच्या नेहमीच्या वाटेवर जुन्या छापखान्यापाशी रस्ता एकदम काटकोनात वळतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती. पुढच्या रांगा वळल्या की त्यांना मागचे दिसत नाहीत, आणि माझा ठोका भिंतींवर आपटून परत येतो. पुढच्यांना एकाच्या जागी दोन ठोके ऐकू येतात, आणि खरा कुठला, उलटून आलेला कुठला, ते कळत नाही. जाड सूर मात्र कोपऱ्याला वळसा घालून बरोबर पोचतो. म्हणून आमच्याकडे जुना नियम आहे की छापखान्याच्या कोपऱ्यावर ड्रम ऐकायचा नाही, ट्यूबा ऐकायचा. हा माझा जाहीर अपमान आहे, पण खरा आहे.

बरं, ट्यूबाचा सूर पोचला तरी किंचित मागाहून पोचतो. त्यामुळे पुढच्या रांगेचं एक पाऊल तिथे जरासं चुकतं आणि लगेच सावरतं. तिला आम्ही ठेच म्हणतो. पहिल्या रांगेची ठेच दुसरीला लागते, दुसरीची तिसरीला, आणि टोप्या एकामागून एक किंचित हलत ती आमच्यापर्यंत येते. बघ्यांना काही कळत नाही. आम्हाला मात्र ठेच लागली की हायसं वाटतं, कारण कोपरा पार झालेला असतो.

वहिनींना धाकटा त्या कोपऱ्यावर वाजवून बघायचा होता. मास्तरांनी सुट्टीच्या सकाळची वेळ ठरवली, रस्ता मोकळा असतो म्हणून.

आता पुढची योजना माझी होती. मी ती लपवत नाही, आणि ती चूक होती असं अजूनही मानत नाही. धाकट्याचा अर्धा कर्णा बघूनच मला शंका आली होती की ह्याचा सूर कोपऱ्यापलीकडे पोचायचा नाही. मी आदल्या दिवशी पहिल्या रांगेतल्या शिंप्याला गाठलं. तो आमच्यातला सर्वांत जुना क्लॅरिनेटवाला. दुकानात तो कोणाच्या तरी पँटची शिवण उसवत होता.

“उद्या कोपऱ्यावर ट्यूबा ऐकू आला नाही तर काय कराल?” मी विचारलं.

“नेहमी काय होतं? पाय गोंधळतात, रांग मोडते.”

“उद्या मोडायची नाही. कान बंद ठेवा आणि मनात मोजा. एक-दोन, एक-दोन. रांगेतल्या सगळ्यांना सांगा.”

शिंप्याने सुई तोंडातून काढली. “बाईंना कळलं तर?”

“कसं कळेल? तुम्ही कोपऱ्यापलीकडे, त्या अलीकडे.”

त्याने पुढचा टाका उसवला. मग म्हणाला, “हात महत्त्वाचा. मोजू आम्ही.” त्याने रांगेतल्यांना सांगितलं, त्यांनी मागच्या रांगेला, आणि सकाळ होईपर्यंत वहिनी आणि मास्तर सोडून सगळा बँड मोजायला तयार होता. बँड म्हणजे घरच, आणि घरात परकं कोणी नसतं हो. एवढी वर्षं त्यांनी आमची पावलं सरळ केली, एक दिवस आम्ही त्यांची केली तर कुठे आभाळ कोसळणार होतं?

सकाळी आम्ही छापखान्याच्या बरंच अलीकडून सुरुवात केली. धाकटा वहिनींच्या अंगाला अगदी बेताचा बसला होता. मान सरळ, पावलं हलकी, आज पहिल्यांदाच त्या ट्यूबामागे लपल्या नव्हत्या. दादा पदपथावरून आमच्याबरोबर चालत होता. कोपरा आला. पहिली रांग वळली, दुसरी वळली, तिसरी वळली. एक पाऊल इकडचं तिकडे नाही. टोप्या अशा एका रेषेत गेल्या की जणू त्या दादाने पट्टी लावून कापल्या आहेत. पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “वा!” ते म्हणाले. “असा कोपरा आपण आजवर घेतला नव्हता!”

हीच तर घोडचूक झाली होती. अति तिथं माती. मोजणाऱ्या माणसाला ठेच लागत नाही. ठेच ऐकणाऱ्याला लागते. हे शिंप्याच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही.

वहिनी माउथपीस पुसत उभ्या होत्या. त्यांनी एकदा पुढच्या रांगांकडे पाहिलं. म्हणाल्या, “मास्तर, पुन्हा एकदा घेऊ या.”

पुन्हा मागे गेलो, पुन्हा निघालो. मी ड्रम जरा दबकूनच बडवत होतो. वहिनी माझ्या डाव्या हाताला, गाल फुगलेले, बोटं व्हॉल्ववर चाललेली. कोपरा आला, टोप्या वळल्या, पुन्हा एक रेषा. पाण्याच्या टाकीपाशी थांबलो तेव्हा सगळ्यांनी टाळ्यांचा गजर केला. दादा तर पदपथावरून उतरून रस्त्यात आला.

वहिनी रांगांमधून चालत पुढे गेल्या, शिंप्यासमोर उभ्या राहिल्या. “कोपऱ्यावर ऐकू आला?”

“अगदी स्वच्छ, बाई,” शिंपी म्हणाला. “कानाशी वाजवल्यासारखा.” आणि उत्साहाच्या भरात त्याने पुढचंही सांगून टाकलं, “पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला जास्तच.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि भावोजी, तुम्हाला?”

“मी तर शेजारीच होतो, वहिनी. मला ऐकू येणार नाही होय?”

“दुसऱ्या खेपेला,” वहिनी म्हणाल्या, “छापखान्यापासून इथपर्यंत मी फुंकलंच नाही. गाल फुगवले आणि बोटं हलवली.”

शिंप्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला. दादा रस्त्याच्या मधोमध उभा होता, त्याला काय झालं ते नीट कळलंच नव्हतं, तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मला लाज वाटली ती खोटं बोलल्याची नाही. हातभर अंतरावरून मला तो सूर असल्याचा आणि नसल्याचा फरक कळला नव्हता, त्याची वाटली.

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “इतकी वर्षं तुम्ही माझ्या सुरावर चाललात. आज मी तुमच्यावर चालले. हे मला जमायचं नाही.”

मास्तर पुढे आले. “बाई, आपण कोपऱ्यासाठी काहीतरी दुसरी खूण ठरवू. मी तिथे उभा राहून हात दाखवीन...”

“मास्तर, तुम्ही मला वाद्याबद्दल विचारलं होतं ना? मग तेवढंच सांगते. उचलायला सोपा आहे. फुंकायला सोपा आहे. मानेला त्रास नाही, बोटांना त्रास नाही. खोलीत गोड वाजतो. बसून वाजवायच्या कार्यक्रमाला किंवा नवीन शिकणाऱ्याला द्या, त्याचं सोनं होईल. बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण उघड्यावर तो जात नाही. रस्त्यासाठी थोरलाच पाहिजे.” त्यांनी पट्टा सोडला. “आणि थोरला आता मला उचलवत नाही. पोस्टातला ट्रॉम्बोनवाला आहे ना तुमचा, त्याला द्या. खांदे आहेत त्याला. घाई करतो, पण शिकेल.”

मग त्यांनी तो अंगावरून उतरवला. धाकट्याला दादाने बरोबर आणलेल्या पेटीत ठेवलं, आतल्या मखमलीवर नीट बसवलं, झाकण लावलं. कड्या लावताना उजव्या हाताची बोटं घसरली. दादा मदतीला वाकला तर म्हणाल्या, “राहू द्या.” दुसऱ्या प्रयत्नात लागली कडी.

दादाला दुपारच्या आत कुठेशी काच बसवून द्यायची होती. वहिनींनीच त्याला पिटाळलं, “जा तुम्ही, लोकांच्या घरात वारा शिरतोय.” तो चारदा मागे वळून बघत गेला. घरापर्यंत मी आणि वहिनी चालत आलो.

वाटेत माझा तोल सुटला. मी रागीट माणूस आहे, आणि काळजी वाटली की मला राग येतो. “एवढा कसला ताठा?” मी म्हणालो. “माणसं माणसांना सांभाळून घेतात, वहिनी. ह्याला काय भीक म्हणतात? पायांनी मोजलं काय आणि कानांनी ऐकलं काय, मिरवणूक नीट गेल्याशी मतलब. लोकांना कोपऱ्यावरचं काय कळतं?”

“लोकांचं कोण बोलतंय?”

“मग?”

“सांभाळा ना मला,” त्या म्हणाल्या. “माझी पिशवी घ्या. रस्ता ओलांडताना धरा. मी म्हातारी झाल्यावर तोंडात घास घाला. पण वाजवताना नका हो सांभाळू. तेवढ्या एका जागी तुम्ही सगळे माझ्या भरवशावर होतात. मी ना शिकलेली, ना उंचीची, ना रूपाची. कोपऱ्याला मात्र सगळे माझी वाट बघायचे.” मग म्हणाल्या, “आज मी थांबले तेव्हा मनात म्हणत होते, मोडू दे रांग. देवा, मोडू दे. शिंप्याचा पाय चुकू दे, कोणाची टोपी हलू दे. कोणाचंच काही अडलं नाही.”

आमची रांग मोडू नये म्हणून मी दोन दिवस झटलो, आणि ती मोडावी म्हणून त्या मनात धावा करत होत्या. आम्ही दोघं शेजारी शेजारी चालत होतो तेव्हा हे चाललं होतं. मला रडू आलं. टँकर चालवणाऱ्या माणसाने रस्त्यात रडू नये, म्हणून मी खोकलो.

इमारतीशी आलो. मी नेहमीसारखा माझ्या दाराकडे वळलो. वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबल्या आणि म्हणाल्या, “भावोजी, जरा हात द्या.”

पाठीवर काही नव्हतं, हातातही काही नव्हतं. थोरला ट्यूबा घेऊन हाच जिना त्या एकट्या चढल्या आहेत, आणि मी हात पुढे केला की त्याला चापट्या मारल्या आहेत. मी हात दिला. त्यांनी तो धरला आणि एकेक पायरी चढल्या, मध्ये दोनदा थांबून.

दादा आमच्या आधीच घरी आलेला होता. काच बसवायला गेलाच नव्हता. दार उघडं टाकून तो उंबऱ्यात उभा होता, आणि आमचे धरलेले हात पाहून त्याचा चेहरा उतरला.

“झालं एकदाचं तुमच्या मनासारखं,” वहिनी त्याला म्हणाल्या. “सोडला मी ट्यूबा.”

किती महिने दादाने याच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. उपास केले, भांडला, डॉक्टरच्या पाया पडायचा बाकी राहिला. मला वाटलं तो आता सुटकेचा श्वास टाकेल. तो खालीच बसला, उंबऱ्यावर.

“माझ्या मनात हे नव्हतं गं,” तो म्हणाला. “माझ्या मनात फक्त तुझा हात होता.”

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोडला. त्या त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. दारात आता वाट राहिली नव्हती, म्हणून मी वरच्याच पायरीवर टेकलो, आणि बराच वेळ आम्ही तिघंही तिथेच बसून राहिलो.